नायगावच्या घरातला माणूस

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
लातूर, ता. १० एप्रिल १९८५

ती. सौ. अक्कास,
गुरुबसप्पाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे नळ चार दिवसांआड येतो. तुझी नवी भावजय कमलम्मा घागरींच्या रांगेतच संसार करून राहिली आहे.

पत्राचं कारण वेगळं. नायगावच्या घरात उमादेवीनं कुणी पुरुष ठेवलाय, असं दुकानावर दोघेजण सांगून गेले. काडीमोड होऊन तीन वर्षं झाली. पोटगी मी भरायची आणि खाणार तिसराच. तिचं असं राहणं सिद्ध झालं तर पोटगी बंद होईल, असं वकील म्हणतात. लातूर जिल्हा झाल्यापासून कोर्टही दारात आलंय, अर्ज टाकतोच आहे. तू नांदेडहून जाऊन डोळ्यांनी बघून ये.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
गुरुबसप्पा

नांदेड, ता. २२ एप्रिल

चि. गुरुबसप्पास अनेक उत्तम आशीर्वाद.

जाऊन आले. पोटगी गेली तर या दुष्काळात ती काय खाईल, हे तू विचारलं नाहीस. शेत करपलंय, विहीर कोरडी आहे.

आता माणसाचं. दोरीवर धोतर वाळत होतं. शेजारची चतुराबाई म्हणाली, माणूस हाय, पर येता-जाता कुणी बघितला न्हाई. मी डोकावले. भिंतीकडे तोंड करून तो जेवत होता. भाकरीचा पहिला तुकडा मीठ लावून ताटाबाहेर ठेवला, तू लहानपणापासून ठेवतोस तसा. उजव्या खांद्यावर गळवाचा व्रण. त्या गळवाला पोटीस मीच बांधलं होतं, गुरू. मला हाक मारवेना, भीती वाटली.

देवळीत तुझ्या इष्टलिंगाची चांदीची डबी होती, झाकणाला पोचा असलेली. मग तुझ्या गळ्यात आहे ती कुठली? खरं लिही.

तुझी काळजी करणारी,
शिवकांता

लातूर, ता. ३० एप्रिल

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

नायगावचं घर सोडलं त्या सकाळी तिथल्या विहिरीवर अंघोळ करताना गळ्यातला शिवदोरा तुटला आणि डबी पाण्यात गेली. आपल्यात लिंग गेलं म्हणजे प्राण गेला. लाजेनं मठातल्या स्वामींनाही सांगितलं नाही, बाजारातून दुसरी डबी आणून गळ्यात घातली.

माघापासून कमलम्मा माझं ताट मांडायला विसरते. गिऱ्हाईक मला ओलांडून भागीदाराशी बोलतं. मी हसण्यावारी नेत होतो. अर्ज मागे घेतो, पोटगी वाढवतो; तिला म्हणावं, डबी परत कर.

तुझाच,
गुरुबसप्पा

नायगाव, ता. १२ मे

श्री. गुरुबसप्पा यांना शरणु शरणार्थ.

अक्कांनी निरोप दिला. माघात विहीर आटली, गाळ उपसताना डबी हाती लागली. टाकवेना. धुतली, विभूती लावून पूजेला ठेवली. तिसऱ्या दिवशी ते येऊन पाटावर बसले. भांडत नाहीत. माझं जेवण होईपर्यंत उठत नाहीत. बारा वर्षांच्या संसारात मला हे मिळालं नव्हतं, म्हणून डबी देणार नाही.

अर्ज मागे घेऊ नका. पोटगी गेली तर उपाशी राहीन, पण लबाडी करणार नाही. तारखेला येऊन पुरुषाबरोबर राहते हे कबूल करीन. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण जज्जसाहेबांनी विचारलं तर घेईन. तेही माझ्यासोबत येणार आहेत. त्यांना पाहिल्यावर साहेब तुम्हाला विचारतील, मग तुम्ही कोण. तेवढं उत्तर तयार ठेवा.

लोभ होता तेवढा पुरे.
उमादेवी