पहिल्या खुर्चीचा दाखला

मरोळ, अंधेरी पूर्व
मंगळवार दुपार (दुकान उघडं, गिऱ्हाईक नाही)

तीर्थस्वरूप गुणाजीकाकांस,

नितेशचा वाकून नमस्कार. सुगंधाकाकूंचे गुडघे कसे आहेत? कलमांना मोहोर कितपत आलाय? तुमची तब्येत विचारत नाही, कारण विचारली की तुम्ही फोन ठेवता. (म्हणून पत्र. तेही तुम्ही अर्धवट ठेवाल, पण काकू उचलून मोठ्याने वाचतील.)

आपल्या सलूनच्या परवान्याची तपासणी करणाऱ्या मॅडम यादी देऊन गेल्या, आणि दुसऱ्याच पहाटे तुम्ही "मोहोर राखूक जातंय, आठ दिवसांत येतंय" म्हणून गाडीत बसलात, त्याला दीड महिना झाला. तेव्हापासून मी त्या यादीच्या मागे आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं, हे आपण करतोच. वापरलेली पाती जाड डब्यात बंद करायची, तेही जमलं. हत्यारं निर्जंतुक करा, असं पुढे होतं. मी म्हटलं, उकळण्यासारखं निर्जंतुक दुसरं काय? सगळं तुमच्या सूनबाईच्या, श्वेताच्या कुकरात घातलं आणि चार शिट्ट्या काढल्या. कात्र्या ठीक निघाल्या. कंगव्यांच्या मात्र शेवग्याच्या शेंगा झाल्या, तुमचा तो बारीक दातांचा काळा धरून. श्वेताने कुकर दारात आणून ठेवला नि म्हणाली, आता ह्यात भात तूच शिजव आणि तूच खा. (नवा घेतला. कंगवेही घेतले. तुमचा काळा वाकडा झालाय तरी जपून ठेवलाय.)

मग आग विझवायचं नळकांडं आणून आरशाशेजारी टांगलं. तर आपले शिवदास मास्तर, वर्ग चालवल्यासारखे गंभीर चेहऱ्याने विचारतात, आता दाढीचा फेस यातूनच मारणार का रे? त्या दिवसापासून जो बसतो तो आधी त्या नळकांड्याकडे संशयाने बघतो.

खरी वाट लागली ती मॅडम पुन्हा आल्या तेव्हा. सगळं बघून झालं, मान डोलावली, आणि त्यांची नजर फळीवरच्या आजोबांच्या वस्तऱ्यावर गेली. दसऱ्याला पूजा केली होती, तसाच होता. पात्यावर लाल डाग! मॅडम दोन पावलं मागे सरकल्या आणि विचारलं, हा कोणावर चालवता? मी म्हटलं, कोणावर नाही, हा आमचा देव आहे. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. शेवटी वाळलेलं झेंडूचं फूल आणि कुंकवाची डबी दाखवली तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. जाताना त्यांनी वस्तऱ्याला हळूच हात जोडले, पण कागदावर "कामाच्या फळीवर नको" असं लिहिलंच. देव आता देव्हाऱ्यात आहे. चूक त्यांची नाही काका. आपल्याला जे कुंकू दिसतं ते परक्याला रक्तच दिसणार, आणि गळ्यावर पातं फिरवू देणारा प्रत्येक माणूस एका अर्थी परकाच असतो. तो डोळे मिटून मान मागे टाकतो, ती कशाच्या भरवशावर? इतकी वर्षं मला वाटायचं, आपल्या हातगुणावर. आता वाटतं, त्या भरवशाचा कुठेतरी कागद असायला हरकत नाही.

राहिलं शेवटचं कलम. प्रत्येक कारागिराचा वैद्यकीय दाखला. डॉक्टर जयाबाईंनी मला दोन्ही हात पुढे धरायला लावले आणि दाखला दिला. कारागिरांच्या यादीत पहिलं नाव तुमचं आहे. महिनाअखेरीपर्यंत तुमचा दाखला द्यायचा, नाहीतर नाव कमी करायचं, नाहीतर परवाना अडतो. मी मॅडमना मोहोराचं सांगितलं. त्यांच्या माहेरीही कलमं आहेत म्हणे. मोहोर राखायला किती माणसं आणि किती दिवस लागतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक निघालं.

काकूंना नमस्कार.

आपला,
नितेश

ता. क. सोबत एक कागद आहे. फुली मारलीय तिथे सही करा. विशेष काही नाही.

ता. क. २ : विशेष आहे. तुमचं नाव कमी करायचा कागद आहे. काका, गणपतीच्या आधी मास्तरांच्या कानामागे तुमचं पातं लागलं, ते मी आरशात पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. ते तुरटी लावून घेऊन गेले आणि पुढच्या रविवारी पुन्हा तुमच्याच पहिल्या खुर्चीत बसले. मी बोलायला हवं होतं. मला धीर झाला नाही, म्हणून यादी येईपर्यंत थांबलो. माफ करा.

ता. क. ३ : कागद पोस्टाने पाठवू नका, घेऊन या. काकू म्हणाल्या, तुम्ही दाढी वाढवलीय आणि विचारलं तर सांगता, गावात बघतंय कोण. जन्मभर स्वतःची दाढी स्वतः केलीत, दुसऱ्याच्या हातात कधी गाल दिला नाहीत, माझ्याही नाही. सोमवारी या. दुकान बंद असतं, शटर अर्धं खाली ओढतो. पहिल्या खुर्चीत तुम्हीच बसा. गिऱ्हाइकाला दाखला लागत नाही, मी मॅडमना दोनदा विचारून घेतलंय. नवं पातं तुमच्यासमोर फोडीन. आणि माझा हात थरथरला तर डॉक्टर जयाबाईंना सांगू नका.