मुठीतले तांदूळ

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी भांडायचंय. दवाखान्याच्या बाकावर बसून हे लिहितेय. आत माझी पोर नळ्यांमध्ये पडलीय. मण्यार चावली. खाली अंथरुणावर झोपली होती. पहाटे म्हणाली, "आई गो, पोटात दुखतंय," आणि बोलता बोलता तिच्या पापण्या मिटायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "आधी भगताकडं चल, दाणे बघू दे." मी कुणाचं ऐकलं नाही. शेजाऱ्याला जीप काढायला लावली आणि तडक शहापूर गाठलं, तिथून इथं. इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून जीव आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पण श्वास मशीन घेतंय. उठेल ना, असं विचारलं, तर म्हणाल्या, "वाट बघू या." एवढंच.

हे तडक निघणं तुमचं, बाई. माझा बाप माळावर वीज पडून गेला, तेव्हा गाव म्हणत होतं, देवीचा मान चुकवला असणार. मी वर्गात कुणाशी बोलेनाशी झाले होते. किन्हवलीच्या शाळेमागं तुम्ही मला जवळ बसवून घेतलंत, डब्यातली नाचणीची भाकरी मोडून अर्धी हातावर ठेवलीत आणि म्हणालात, "विजेला तुझा बाप माहीत नव्हता गो. मोकळ्या माळावर तोच काय तो उंच होता. राग-बिग काय नाय." केवढा भार उतरला माझ्यावरचा! संध्याकाळी वर अमुक तारा, तमुक तारा दाखवून सांगायचात, आपल्या रक्तातलं लोखंडसुद्धा तिकडंच तयार झालंय. मी अंगणात उभी राहून स्वतःचा हात बघत बसायची. आईला वाटायचं, पोरीला लागीर झालंय.

आणि तो तांदळाचा तास! भगत चिमूटभर तांदूळ टाकतो, दोन-दोन दाणे बाजूला सारतो. सगळे जोडीनं सुटले तर आजारी उठणार, एक उरला तर नाही. तुम्ही त्याला शिव्या दिल्या नाहीत. तांदूळच घेऊन आलात वर्गात. म्हणालात, "ज्याचं उत्तर ठाऊक हाय ते विचारा." आम्ही विचारलं, बाई आसनगावला राहतात का? एक दाणा उरला, म्हणजे नाही! आणि तुम्ही तर आसनगावच्याच. वर्ग नुसता खदखदला. तुम्हीही डोळे पुसत हसत होतात. मग म्हणालात, "एकदा आलं म्हणून खरं नाय. परत टाका. परत परत टाका, मग बोला." मी आता मुरबाडकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि दर वर्षी हाच तास घेते. पोरं तशीच हसतात.

पण आज मला ते हसू नको झालंय. विजेला बाप माहीत नव्हता, तेव्हा बरं वाटलं. मण्यारीलाही माझी पोर माहीत नव्हती, हे मी कुणाच्या पदरात टाकू? एवढं मोठं विश्व, आणि त्यात एकालाही तिचं नाव ठाऊक नसावं? कुणीतरी रागावलेलं असतं तर पाय तरी धरले असते हो. तुम्ही मला धरायला कुणाचे पायच ठेवले नाहीत. मशीनचा आवाज दाराबाहेर येतो, तो थांबला तर काय, एवढंच डोक्यात फिरतंय.

दुपारी सासूबाई आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी तांदळाची पुडी माझ्या हातात कोंबली. म्हणाल्या, "तू नको मानू. जवळ ठेव नुसती." त्या चहाला गेल्या आणि मी इकडंतिकडं बघून चिमूटभर दाणे बाकावर टाकले. दोन-दोन सारत गेले. जोडीनं सुटले, बाई. एकही उरला नाही. मी तोंडात पदर कोंबून रडले, इतकं बरं वाटलं.

तुमचा आवाज ऐकू येतोय. काय म्हणताय तेही ठाऊक आहे. कागद फाडून टाकेन, कुणाला दाखवणार नाही, म्हणून सांगते: दाणे अजून डाव्या मुठीत आहेत, घामानं भिजलेत, आणि परत टाकायची माझी हिंमत होत नाही.