झेंड्याचं अस्तर

ता. ४, सोमवार

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुम्ही तुरुंगातून सुटून आल्यापासून मामी तुमच्या ताटासमोरून हलत नाही, हे वाचून हसू आलं. आता ती सगळी कसर भरून काढणारच.

इकडची बातमी मोठी आहे. आपला देश येत्या सोमवारी स्वतंत्र होणार, आणि त्याचा पहिला झेंडा आमच्या शिवणखान्यात शिवलाय! जुना झेंडा साहेबांच्या देशातून जहाजाने तयार यायचा, त्यामुळे इथे कुणी कधी झेंडा शिवलेलाच नाही. पण थोरल्या बाई म्हणाल्या, गव्हर्नरच्या बंगल्याचे पडदे आपण पिढीभर शिवले, आता एका चौकोनी कापडाला काय भ्यायचं? त्यांनी कपाटातलं सगळ्यात भारी रेशीम काढलं. दोन्ही बाजूंनी दिसणार म्हणून दोन पदर, आणि मधे पडद्याला घालतो तसं पांढरं अस्तर. त्या अस्तरावर आम्ही सगळ्यांनी पांढऱ्याच दोऱ्याने आपापल्या घरातल्या तुरुंगात गेलेल्यांची नावं भरली. बाहेरून दिसायची नाहीत, पण आत असतील. तुमचं नाव मी भरलं. तुम्ही शिडाच्या तुकड्यावर कोळशाने शिकवलेलीच अक्षरं, पण पहिलं वाकडं वाटलं म्हणून तीनदा उसवलं.

काल झेंडा गच्चीवर काठीला बांधून पाहिला. वारा छान होता, शेजारच्या चादरी नाचत होत्या. झेंडा मात्र ढिम्म. ओल्या गोणपाटासारखा लोंबत राहिला. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, सोमवारी वारा जोराचा येईल. वारा काय बाईंच्या हाताखाली कामाला आहे?

अस्तर काढावं तर नावं जातात, ठेवावं तर सगळ्या देशादेखत झेंडा मान टाकतो. घास गोड लागत नाही. तुमचा जन्म शिडं शिवण्यात गेला. माझंच चुकत असेल तर स्पष्ट लिहा.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढता ठेवा.

तुमची भाची


ता. ७, गुरुवार

चि. उसवाबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं काही चुकलेलं नाही. पडदा वारा अडवायला शिवतात, शीड वारा धरायला आणि झेंडा वारा सोडायला. रेशमाचा एकच पदर ठेव. दोरीकडची पट्टी जाड राहू दे, मोकळी कड दोनदा दुमडून घाल. बाकी सगळं उसव. या कामात तुझा हात धरणारं कुणी नाही, हे पाळण्याचं नाव टाकून मी तुला हे नाव दिलं तेव्हाच ठरलंय.

नावाचं म्हणशील, तर मी काही झेंड्याबरोबर वर चढायला आत गेलो नव्हतो. बंदरावर आम्ही त्यांच्या मालाला हात लावायचं बंद केलं, तेव्हा एकच टाका ओढला होता. मग रेल्वेवाल्यांनी ओढला, मग कचेऱ्यांनी. जितके आत टाकले तितके नवे ओढायला आले. शेवटी सगळी शिवणच सैल झाली, तेव्हा कुठे साहेब बोलणी करायला बसले. एवढं साम्राज्य उसवलं, आणि तू अस्तरापाशी अडून बसलीस होय?

मामी सांगते, बाईंशी वाद घालू नकोस. त्यांना गच्चीवर ने, झेंडा दाखव आणि गप्प उभी राहा. हा उपाय तिने माझ्यावर पुष्कळदा केलाय. गुण येतो.

जेवत जा. आमचा जीव तुझ्यापाशीच असतो.

तुझा मामा


ता. १२, मंगळवार

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामीचं औषध लागू पडलं. गप्प राहताना माझी जीभ दुखली, पण राहिले. बाईंनी झेंड्याकडे पाहिलं, मग चादरींकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, मेला पडदाच शिवलाय की आपण! खाली येऊन त्यांनी स्वतःच कात्री मागितली.

पण मग अस्तर सुटून टेबलावर आलं. आमच्यातल्या काजेवालीचा भाऊ तुरुंगातून परत आलाच नाही. ती त्याच्या नावावर तळवा ठेवून बसली. मला वाटलं, झेंडा गेला खड्ड्यात, आहे तसं शिवून टाकावं. तेवढ्यात तिनेच विचारलं, सत्तांतराच्या सह्या व्हायच्या त्या टेबलावर घालायचं कापड आपल्याकडूनच जायचंय ना? मग हेच घाला. वर नाही तर नाही, साहेबाच्या हाताखाली तरी असू देत.

काल तेच घातलं. नावं वरच्या बाजूला, अगदी उघड. गव्हर्नरसाहेबांनी सही करता करता त्यावरून बोट फिरवलं आणि कौतुकाने विचारलं, ही सुंदर नक्षी कुणाची? इतकी वर्षं राहिले, पण आपली अक्षरं काही त्यांनी शिकली नाहीत. बाईंनी शांतपणे सांगितलं, बऱ्याच घरांनी मिळून केलीय.

मग झेंडा चढला. क्षणभर लोंबला, आणि मग असा फडाडला की बाईंनी माझा दंड पकडला. अजून वळ आहे.

एक सांगायचं राहिलं. सही करताना साहेबांच्या टाकातून शाईचा थेंब पडला, तो नेमका तुमच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर. बाई म्हणाल्या, डाग दिसतो, उसवून पुन्हा भर. मी जन्मात पहिल्यांदा उसवायला नाही म्हटलं.

लोभाची शिवण अशीच पक्की असू द्या.

तुमची उसवाबाई