होडी, ताडपत्री आणि दहा हजारांची मर्यादा

प्रति,
मा. श्रीमती रोझॅन डिलूका,
नगर प्रशासक,
हॅझलबरी नगर कार्यालय, न्यू जर्सी.

दिनांक : ११ जुलै २०१८

विषय : माझ्या घराचे कमी केलेले मूल्यांकन पुन्हा वाढवून मिळण्याबाबत, तसेच माझ्या अपिलास जोडलेले छायाचित्र दप्तरातून काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : १) जिल्हा कर मंडळापुढील माझे अपील, सुनावणी दि. १७ मे.
२) श्रीमती ओडेट ब्रॅनिगन यांना आपल्या देखभाल विभागाची नोटीस, दि. २५ जून.
३) आपल्या कार्यालयाने दोनदा परत केलेला माझा धनादेश.

महोदया,

मी लिओनार्ड प्रुझॅक, वय ७१, निवृत्त शिक्षक, राहणार १८, कॉपरमिल लेन. आपण नववीत माझ्याकडे नागरिकशास्त्र शिकलात, हे सवलतीसाठी लिहीत नाही. कर कशासाठी भरायचा हे ज्या तोंडाने आपल्याला शिकवले, त्याच तोंडाने पुढील मजकूर सांगावा लागत आहे, याची मला लाज वाटते.

१. गेल्या डिसेंबरात वॉशिंग्टनने कायदा केला, की केंद्राचा प्राप्तिकर भरताना राज्याच्या आणि गावाच्या करांची वजावट दहा हजार डॉलरच्या वर मिळणार नाही. आपल्या गावाची झोप उडाली. मर्यादा लागू होण्याआधी पुढच्या वर्षाची घरपट्टी भरून टाकावी म्हणून लोक आपल्या कार्यालयाबाहेर बर्फात रांगा लावून उभे राहिले. त्या रांगेत मी तिसरा होतो. जो पैसा शाळेला, रस्त्याला, आगीच्या बंबाला देऊन बसलो, त्यावर पुन्हा कर कसला, असे मी वाचनालयातल्या सभेत तासभर बोललो. आमच्या गल्लीत भाड्याने राहणारे नळदुरुस्तीवाले डेसमंड पायवा उठून म्हणाले, "सर, मला ही वजावट जन्मात मिळालेली नाही. मोठ्या घरवाल्यांची सूट कमी झाली, तर मी कशाला रडू?" मी त्यांना राज्यघटना ऐकवली. टाळ्या पडल्या. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी दिलेले नाही, हे मला टाळ्या चालू असतानाच कळले होते.

त्या सभेत माझा फलक दोन तास हातात धरून उभ्या होत्या त्या शेजारच्या श्रीमती ब्रॅनिगन, वय ७८. त्यांची घरपट्टी थोडी, उत्पन्न त्याहून थोडे; मर्यादेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. मला त्या लेन म्हणतात. त्या म्हणाल्या होत्या, "लेन, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण तू म्हणतोस म्हणजे वाईटच असणार."

२. वजावट गेली, तर निदान घरपट्टी तरी कमी करून घेऊ, या विचाराने मी मार्चअखेर मूल्यांकनाविरुद्ध अपील केले. देशाचा कायदा हे कारण चालत नाही, घरापुरते कारण लागते, असे समजले. सबब मी कारण लिहिले : "शेजारील मालमत्तेची दुरवस्था. छपरावर ताडपत्री. दर्शनी अंगणात गंजलेली होडी." सोबत माझ्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून काढलेले छायाचित्र जोडले.

३. अपिलात जे लिहिले नाही ते आता लिहितो. मार्चच्या वादळात ब्रॅनिगनबाईंच्या छपरावर फांदी पडली, तेव्हा ती ताडपत्री मीच बांधली. शिडी त्यांनी धरली होती. होडीही निम्मी माझी आहे. बावीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान कॉर्मॅक आणि मी ती मिळून घेतली आणि सतरा उन्हाळे मासेमारी केली. कॉर्मॅक गेल्यावर बाईंनी विचारले, "ठेवू की काढून टाकू?" मी म्हणालो, राहू दे. माझ्या अंगणात ती बरी दिसत नाही असे माझ्या पत्नीचे मत होते, आणि खरे सांगायचे तर माझेही. म्हणून ती त्यांच्या अंगणात राहिली.

छायाचित्राबद्दलही सांगायचे आहे. मी खिडकीत कॅमेरा धरला तेव्हा बाई अंगणात होत्या. मी त्यांचाच फोटो काढतोय असे वाटून त्यांनी हसून हात हलवला. पुराव्यात त्या तशाच आहेत. मंडळाच्या एका सदस्याने विचारले, "या बाई कोण?" मी म्हणालो, "घरमालकीण." त्यांचे नाव घ्यायला माझी जीभ वळली नाही. अपील मंजूर झाले.

४. जूनमध्ये माझ्या हिशेबनिसाने आकडेमोड करून कळवले, की सर्वांना मिळणारी ठोक वजावट नव्या कायद्याने जवळपास दुप्पट झाली आहे. आम्हा पतिपत्नीचा केंद्राचा कर उलट थोडा कमीच भरेल. म्हणजे ज्या अन्यायाविरुद्ध मी गाव उठवले आणि शेजारणीचे घर पुराव्यात मांडले, तो अन्याय माझ्यावर झालाच नव्हता.

५. मी लगेच आपल्या कार्यालयात येऊन मूल्यांकन पूर्ववत करण्याची विनंती केली. मंडळाचा निर्णय हे वर्ष आणि पुढची दोन वर्षे कायम राहतो, असे सांगण्यात आले. खिडकीवरील कर्मचारी फार सभ्यपणे म्हणाले, "सर, कमी करून मागायचा फॉर्म आहे. वाढवून मागायचा आजवर कुणी मागितलाच नाही, म्हणून छापलेला नाही." मी फरकाचा धनादेश टपालाने पाठवला, तो जादा भरणा म्हणून परत आला. "देणगी" असे लिहून पुन्हा पाठवला, तर देणगी कोणत्या खात्यासाठी अशी विचारणा घेऊन आला. खात्याचे नाव मला सुचले नाही.

६. दि. २८ जून रोजी ब्रॅनिगनबाई ब्लूबेरीचा केक आणि आपल्या विभागाची नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या. माझ्या सुनावणीची कागदपत्रे आपल्या देखभाल विभागाकडे गेली आणि त्यातल्या छायाचित्रावरून, तीस दिवसांत होडी हलवा, छप्पर दुरुस्त करा, नाहीतर रोजचा दंड, असा आदेश निघाला होता. त्यात तक्रारदाराचे नाव नव्हते. गल्लीतली सगळी पत्रे मीच लिहून देतो, म्हणून त्या आल्या होत्या. "शहाण्यासारखं एक पत्र लिहून दे, लेन," त्या म्हणाल्या. "आणि हे त्या पायवाचंच काम. सभेत कसा तणतणला होता. मी त्याच्याशी बोलणं टाकलंय."

मी केक खाल्ला. पायवा नव्हेत, एवढे दोन शब्द माझ्याच्याने बोलवले नाहीत. पत्र उद्या देतो म्हणालो. त्याला आज तेरा दिवस झाले. वाट पाहून त्यांनी भंगारवाल्याला येत्या शनिवारी यायला सांगितले आहे. "कॉर्मॅक काही रागावायचा नाही," असे म्हणाल्या.

७. विषयातील दुसऱ्या मागणीचे कारण आता आपल्या लक्षात आले असेल. दप्तर सार्वजनिक आहे, खिडकीवर कुणीही मागून पाहू शकते, आणि बाईंनी ते छायाचित्र कधीच पाहू नये, एवढ्यासाठी मी हा अर्ज लिहायला बसलो. मूल्यांकन वाढवून घेण्याची तयारी ही त्याची किंमत म्हणून पुढे केली होती. इथवर लिहिल्यावर दिसते, की मी एका नगराला माझ्यासाठी लपवाछपवी करायला सांगत आहे, आणि तेही माझ्या विद्यार्थिनीला. सबब दुसरी मागणी मी मागे घेतो. विषयातील ती ओळ खोडलेली नाही. मी काय मागायला निघालो होतो तेही दप्तरी असू द्यावे.

आता विनंती अशी, की सदर नोटीस श्रीमती ब्रॅनिगन यांच्या नावावरून काढून माझ्या नावे द्यावी. होडी मी शुक्रवारी माझ्या अंगणात आणत आहे. तिथेही ती नियमबाह्यच ठरेल, याची मला कल्पना आहे. दंड मला लावावा. छपराचे काम मी करून देईन, मात्र बाईंनी मला त्या छपरावर चढू दिले तर. आणि नोटिशीत तक्रारदाराच्या जागी माझे पूर्ण नाव लिहावे. मूल्यांकनाबाबत नियमात काही वाट सापडल्यास कळवावे. न सापडल्यास ही तीन वर्षे मी कमी घरपट्टी भरीन, आणि दर तिमाहीला तो आकडा वाचीन.

आपला एके काळचा शिक्षक व आजचा अर्जदार,

(सही)
लिओनार्ड प्रुझॅक

सोबत : १) अपिलाची प्रत. २) छायाचित्र. ३) होडीच्या खरेदीची पावती, दोन नावांची.

प्रत :
१) श्री. डेसमंड पायवा, ३१, कॉपरमिल लेन, यांना क्षमायाचनेसह.
२) श्रीमती ओडेट ब्रॅनिगन, २०, कॉपरमिल लेन. टपालाने नाही. आज दुपारी स्वतः नेऊन देत आहे, आणि त्यांचे वाचून होईपर्यंत दारात उभा राहणार आहे.