अर्जातलं दुसरं नाव

डेल्बर्ट,

माझं नर्सिंगच्या शिक्षणाचं कर्ज थकलं म्हणून सरकारने आमचा टॅक्सचा परतावा कापून घेतला, त्याच दिवशी रॉयने माझं मनगट पिरगाळून मोडलं. "तुझ्या कॉलेजाने माझा ट्रक गिळला!" असं ओरडत होता; त्या पैशांतून तो ट्रक घेणार होता. मग तू आलास आणि लोखंडी पान्याने त्याचा जबडा फोडलास. तो खाली पडल्यावरही मारत राहिलास. मी थांब म्हणाले नाही.

कोर्टात मात्र म्हणाले, "मी जिन्यावरून पडले. रॉयने हात लावला नव्हता." मला नवऱ्याकडेच परत जायचं होतं रे. माझ्या त्या साक्षीमुळे तू सहा वर्षांसाठी आत गेलास.

मार्चमध्ये त्याने माझे दोन दात पाडले, तेव्हा मी घर सोडलं. आता अ‍ॅक्रनमध्ये भाड्याच्या खोलीत राहते. काल लायब्ररीत बसून थकलेली सगळी कर्जं एकत्र करून एकच नवं कर्ज मिळावं, असा अर्ज भरला. त्यात आपला ठावठिकाणा कायम ठाऊक असेल अशा दोघांची नावं लागतात. आईचं लिहिलं आणि थांबले.

"भाऊबिऊ नाही का कोणी?" मदतीला बसलेल्या बाईंनी विचारलं.

"आहे ना," मी म्हणाले, आणि तुझं नाव लिहिलं. पत्ता तुरुंगाचा.

तुला माझा पत्ता माहीतच नाही, डेल्बर्ट. तो या पाकिटावर लिहिलाय, पण पोस्टात टाकायची हिंमत होत नाही.

लोरीन