साडूचा कॉम्प्रेसर

४ जून
आज माझ्या चपलांची जागा गेली. जगात राज्यं गेली, सिंहासनं गेली, त्यांची नोंद घ्यायला माणसं होती. मेजाखालच्या डाव्या कोपऱ्याची नोंद मलाच घ्यावी लागते आहे. तिथे आता एक कॉम्प्रेसर बसला आहे. लाल, बुटका. मधूनमधून घरघरतो, मग फुस्स करून सुस्कारा सोडतो. जणू कारखान्यातलं सगळं कोरीवकाम तोच करतो.
आणणारा: साडू. सौ.च्या धाकट्या बहिणीचा नवरा. पूर्वी गाड्यांच्या चाकांत हवा भरायचा. सौ.ने भुणभुण लावली म्हणून मीच त्याला या दागिन्यांच्या कारखान्यात चिकटवला, कोरणी धरायला शिकवली. आता याने हवेवर चालणारी कोरणी आणली. पेनासारखी धरायची, पायाने पेडल दाबायचं. आत हवा टकटक ठोके देते, टोक आपोआप पुढे सरकतं. मनगटाला काम नाही. मी तीस वर्षं मनगटाने रेघ मारतो आहे.
सूड घेतला जाईल. सुसंस्कृतपणे.

५ जून
पहिलं अस्त्र: अबोला. दिवसभर साडूशी एक अक्षर नाही. कॉम्प्रेसरच्या घरघरीत त्याला पत्ताच लागला नाही. संध्याकाळी मेहुणीचा सौ.ला फोन. भावोजींचा घसा बसलाय का गं, हे सांगत होते, मिठाच्या गुळण्या करायला लाव. सौ.ने कोमट पाणी पुढे केलं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. गुळण्या केल्या.

९ जून
रणभूमी मिळाली! मालकीणबाईंनी सोन्याच्या कड्यांची जोडी काढली. वर वेल कोरायची, मधेमधे बारीक पन्ने बसवायचे. एक कडं मला, एक साडूला, नक्षीचा कागद एकच. म्हणाल्या, कामं कमी झाली आहेत, दोन कोरणारे परवडत नाहीत. हे काम बघून ठरवू. एक जण कोरीवकामावर राहील, दुसरा पॉलिशच्या मोटरवर बसेल.
पॉलिशवाल्याने संध्याकाळी तोंड धुतलं की पाणी काळं होतं. साडूचं तोंड डोळ्यांपुढे आलं. फार बरं वाटलं.

१० जून, दुपार
साडू हात धुवायला गेला होता. हवेच्या प्रेशरचा नॉब जवळजवळ तळाला आणला. शत्रूचा प्राणवायू तोडणं नीतीला धरून आहे. कुठल्या नीतीला, ते सवडीने शोधेन.

११ जून
साडू सकाळीच समोर. दादा, हवा तुम्हीच कमी केलीत ना? मी आपला येडा, जोरात ठेवत होतो. आता काय केसासारखी रेघ येते हो! शेजारी जाणकार माणूस असावा तर असा, असंही सगळ्यांदेखत म्हणाला. वर स्वतःच्या डब्यातला मोठा वाटा माझ्या ताटलीत. नाकारणं असभ्य दिसलं असतं. मेहुणीच्या हाताला चव आहे. हेही खटकलं.

१४ जून
पन्ना ठिसूळ. ठोका बसला की तडकतो. आणि साडूचं मशीन ठोक्यांवरच जगतं. तेव्हा आज ना उद्या पलीकडून 'टक्' आणि पाठोपाठ 'मेलो' ऐकू येणारच. सकाळपासून कान टवकारून बसलो.
टक् आला. माझ्याच कड्यातून. लक्ष पलीकडे, हाताचा दाब अंमळ जास्त. दोष पन्न्याचा. जातिवंत खडा असल्या क्षुल्लक कारणाने तडकत नाही. मालकीणबाईंना म्हटलं, मूळचीच चीर होती. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि खड्याऐवजी माझ्याकडे पाहिलं. नवा पन्ना दिला.

१६ जून
धोरणात बदल. आपलं काम उत्तम होऊन भागत नाही, त्याची लाज निघाली पाहिजे. कागदावर वेलीची पानं साधी आहेत. मी प्रत्येक पानाला शिरा देतो आहे. रेघाही चांगल्या खोल. शेजारी ठेवलं की साडूचं कडं फुटपाथवरून उचलल्यासारखं दिसेल.

१८ जून
दोन्ही कडी मालकीणबाईंच्या पुढ्यात. माझं पाहून अहाहा म्हणाल्या. शेजारी त्याचं ठेवलं. मग म्हणाल्या, एका हातात बाग आणि दुसऱ्या हातात बागेचा नकाशा घालून फिरायचं का गिऱ्हाईक बाईने? जोडी दिली होती ना मी?
हा मुद्दा माझ्या नजरेतून निसटला होता.
कोणी कोणाशी जुळवायचं? मी उदार झालो. म्हटलं, खोल रेघ उथळ होत नाही, तेव्हा त्यानेच माझ्याशी जुळवावं. साडू बापडा मान डोलावून मोकळा. आता मेला! शीर शेवटाला निमुळती होत वर उचलली जाते, ती उचल मनगटात असते. हवेला कुठलं मनगट?

१९ जून
साडू म्हणाला, दादा, शेजारी बसून बघू का जरा? बस म्हटलं. तांब्याच्या पत्र्यावर मुद्दाम भराभर कोरलं, काही कळू नये म्हणून. बराच वेळ पाहिलं आणि विचारतो, शेवटाला तुम्ही मूठ किंचित खाली दाबता, तेव्हा टोक वर येतं, असंच ना? तसं काही नसतं, म्हटलं.
तसंच असतं.

२३ जून, दुपारी ४
मालकीणबाईंनी मखमलीवर दोन्ही कडी मांडून मला बोलावलं. साडू दाराशी. म्हणाल्या, बघा बरं, जमली का जोडी? हीच घटका. एक कडं उचललं आणि मनसोक्त बोललो. ही शीर पाहा, श्वास सोडावा तशी विरते. याला प्राण म्हणतात, यंत्राला तो कुठून येणार? दुसऱ्या कड्याबद्दलही दोन शब्द बोललो. प्रयत्न स्तुत्य आहे, पण हात जड.
मालकीणबाईंनी माझ्या हातातलं कडं हळूच उलटं केलं. आतल्या बाजूला करणाऱ्याची खूण असते. साडूची होती.
कोणी हसलं नाही. हसले असते तर निदान भांडता आलं असतं.

२४ जून
निकाल: मी पॉलिशवर. साडूच मालकीणबाईंशी भांडायला गेला. दादाच कोरतील, मी बसतो मोटरवर, म्हणाला. मी गरजलो, मला कोणाची भीक नको. तर मागे येऊन हळूच सांगतो, दादा, मशीनला दुसरी कोरणीही जोडता येते, तुमच्यासाठी. ऐकू न आल्यासारखं केलं. घरी सौ. म्हणाली, अहो, सूड उगवायला समोरचा थोडा तरी वाईट लागतो. हिला सुडाचं कोणी सांगितलं?

२५ जून
पुढच्या सुडाची योजना लिहायला बसलो. सुचत नाही. पॉलिशचं फार वाटत नाही, काळं पाणी धुऊन जातं. ती शीर हाताला बसायला माझी उमेदीची कित्येक वर्षं गेली. त्याला चार दिवस पुरले. काळजी वाटते ती एवढीच: ते काम खरंच अवघड होतं, की मलाच अवघड जात होतं? साडूला विचारलं तर तो लगेच म्हणेल, छे हो दादा, अवघडच आहे. पण ते तो माझं मन राखायला म्हणेल.