हात उचलला नाही

१ जानेवारी २०२६, सकाळी ८
सृष्टीनं ही डायरी दिली. पतसंस्थेची, फुकटातली. म्हणाली, राग आला की वस्तू फेकण्याऐवजी यात लिहीत जा. मला राग येत नाही, हे माझ्या बायकोला चार वर्षांच्या संसारात कळलं नाही. मी स्पष्ट बोलतो, एवढंच. पण डायरी वाया कशाला घालवायची? बाळाचा प्लॅन लिहायला वापरणार.

सातवा महिना संपत आलाय. मार्चच्या मध्यावर घरात तिसरं माणूस. नागापूरच्या वर्कशॉपात वेल्डिंग करून दोन खोल्यांचं भाडं सुटतं, वर फार काही राहत नाही. टेन्शन नाही. आपल्या चालीरीतीच बजेटवाल्या आहेत. जन्मलेल्या लेकराला पहिले कपडे नवे घालतच नाहीत, दुसऱ्या धडधाकट लेकराच्या अंगावरचे मागून आणायचे. पाळणा तर आमच्या गल्लीचा आहेच, या घरातून त्या घरात फिरतो. अकरा पोरं त्यात मोठी झाली. म्हणजे सगळं मागून, खर्च शून्य. फक्त लोकांशी गोड बोलायचं, आणि त्यात माझा हात कोण धरणार!

संध्याकाळी ६. टीव्हीचा रिमोट फुटला. सृष्टीचं म्हणणं, फुटला नाही, फोडला. मी व्याकरणात पडत नाही.

४ जानेवारी
पाळणा सध्या सहादेवकडे. टेम्पो चालवतो, समोरच्याच घरात. त्याचं पोरगं दोन वर्षांचं झालं, आता पाळण्यात कांदे. मी अत्यंत नम्रपणे मागितला. तो म्हणाला, ने की, पण मंगळवारी, कांदे पोत्यात भरायचेत. माझं बाळ मोठं का तुझे कांदे, असं मी सभ्य भाषेत विचारलं. तो हसला. हसायला नको होतं.

पाळणा आडवा झाला. कांदे गटारीत गेले. त्यानं माझी कॉलर धरली, मग मला दोन द्याव्या लागल्या. त्याचा एक दात पडला, तो म्हणे आधीपासून हलतच होता. मग त्यानं पाळणा ओढला, मी पण ओढला, आणि शेवटी तो माझ्या हातून भिंतीवर आपटला गेला. तीनदा. लोखंडी पट्टी असूनही दुमडला. आजकाल मालच चांगला येत नाही.

सगळी गल्ली दारात उभी. एक म्हातारी म्हणाली, अकरा लेकरांचा पाळणा मोडला रे, हात झडो तुझा. सृष्टी आत जाऊन कांद्याचे पैसे घेऊन सहादेवच्या बायकोला देऊन आली. मी पाळणा नवा बनवणार आहे, याच्यापेक्षा मजबूत.

११ जानेवारी
कपड्यांसाठी राहीबाई मावशींकडे गेलो. घरमालकीण. नातवाची झबली, टोपरी, लंगोट, सगळं धुऊन गाठोड्यात बांधून ठेवलेलं. गाठोडं हातात देता देता म्हणाल्या, आईवर गेलं म्हंजे बरं लेकरू, बापावर गेलं तर झबल्याला बाह्याच राहायच्या न्हाईत.

मी शांतच होतो. फक्त पाय हलला. पाण्याचा ड्रम अंगणभर. मावशी ओल्या झाल्या, घसरल्या, कंबरेवर पडल्या. मी उचलायला गेलो तर किंचाळल्या. गाठोडं परत आत गेलं आणि आतून कडी लागली.

गरिबाला कोणी मदत करत नाही हेच खरं.

१८ जानेवारी, सकाळी ११
सृष्टी माहेरी गेली, पहिल्या बाळंतपणाला. काल ओटी भरली. गल्लीतल्या बायकांना बोलावलं होतं, दोघी आल्या. सासरे मच्छिंद्रमामा दुधाची पिकअप घेऊन आले होते. पारनेरच्या अलीकडे गाव, चार जर्सी गाई, माणूस कमी बोलणारा.

गाडीत बसण्याआधी ती मला मोरीपाशी घेऊन गेली. सरळ माझ्याकडे बघून बोलली.

"बाळ सव्वा महिन्याचं झालं की मी घेऊन येईन. पण तोवर तुम्ही एकदा जरी कुणावर हात उचलला, तर मी येणार न्हाई. पुढं कधीच न्हाई."

मी आईची शपथ घेतली. त्यात अवघड काय आहे? तीन महिने हात खाली ठेवायचे. पोराच्या तोंडाकडे बघून माणूस डोंगर हलवतो.

गाडी गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. दोनच खोल्या आहेत, तरी.

२६ जानेवारी
आठ दिवस झाले, रेकॉर्ड क्लीन. दुकानदारानं नासकं दूध दिलं, मी हात खिशात घालून नुसता बघत उभा राहिलो. तो घाबरून दोन पिशव्या देऊन मोकळा झाला. शांततेत किती ताकद आहे! हे आधी कोणी सांगितलं नाही.

पाळण्याचं डिझाइन काढलं. वर्कशॉपात भंगार पाइप पडलेत, सुट्टीच्या वेळेत वेल्ड करणार. खर्च शून्य.

३ फेब्रुवारी
पाळण्याचे चारही पाय तयार झाले होते. सुपरवायझर भिमाजीभाऊ आले. म्हणाले, भंगार असलं तरी मालकाचंय, चिठ्ठी घे मग लाव हात. बरोबरच होतं. पण ते बोलता बोलता माझ्या पाळण्याला बुटानं ढोसत होते.

इथे माझ्यातला बदल लिहून ठेवतो. पूर्वीचा अजिनाथ असता तर कानाखाली आवाज निघाला असता. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ट्रॉलीला लाथ मारली. ट्रॉलीत दोनशे किलो माल. ती भाऊंच्या गुडघ्यावर गेली, गुडघा मशीन आणि ट्रॉलीच्या मध्ये. ओरडले फार. चार जणांनी उचलून नेलं.

लाथ म्हणजे हात नव्हे. शपथ शाबूत.

कामावरून काढलं. म्हणजे पाळण्याला आता भरपूर वेळ, पण पाइप नाहीत.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
उपास. चिडचिड होण्याची शक्यता गृहीत धरून सावध होतो.

गावात राधाकृष्णच्या जुन्या सामानाच्या दुकानात एक पाळणा बघितला. त्यानं सांगितलेल्या भावात नवा येतो. घासाघीस केली. तो म्हणाला, ऐपत न्हाई तर पोरं कशाला काढता?

हात खिशातच होते. याला दुकानातली दोन गिऱ्हाइकं साक्षीदार आहेत. मी फक्त डोकं पुढे नेलं, त्याचं नाक मध्ये आलं. मोडलं. मग त्याचा भाऊ वजनाचा काटा घेऊन आला आणि माझं कपाळ फुटलं. सात टाके. रक्त डोळ्यात जात होतं तरी मी हात बाहेर काढला नाही. याला म्हणतात कंट्रोल.

दवाखान्यात टाके घालणारी नर्स म्हणाली, काका, भांडण का? मी म्हणालो, बाळाची तयारी चालू आहे.

१६ फेब्रुवारी
सृष्टीचा व्हिडिओ कॉल. पट्टी दिसली. कपाटाचं दार लागलं म्हणालो. ती म्हणाली, कपाटाला हात तर न्हाई ना लावला? मी छातीठोकपणे नाही म्हणालो. खरं होतं म्हणून आवाज पण खणखणीत आला.

तिनं पोट दाखवलं. बाळ लाथ मारत होतं, साडीवरून दिसत होती. मला रडू आलं, ते लपवायला नेट गेल्यासारखं केलं.

१ मार्च
रिक्षावाला. कोपर लागलं. त्याच्या बरगडीत.

कोपर हातात येतं का हा प्रश्न आहे. शोध घेतला. हाताचा पंजा वेगळा, दंड वेगळा, कोपर मधलं. लोक सगळ्याला हात म्हणतात ते बोलण्याच्या सोयीसाठी. संशयाचा फायदा आरोपीला. पुढे चालू.

८ मार्च
जुने कपडे गल्लीत कोणी देईना. मी दिसलो की दारं लागतात. शेवटी नवी झबली विकत आणली. पाच झबली, तीन टोपरी. राहिलेल्या पगारातले पैसे त्यात गेले. पण नवे घालता येत नाहीत. मग डोक्यात आयडिया आली, नव्याचे जुने करायचे.

मोरीत बसून धोपाटण्यानं बडवले. दोन तास. पहिल्या झबल्याला भिमाजीभाऊ म्हणालो, दुसऱ्याला राधाकृष्ण. फार मोकळं वाटलं. कपड्यावर हात उचलणं शपथेत बसत नाही. तीन झबली फाटली, एका टोपऱ्याचे बंद तुटले. उरलेली जुनी दिसतात. एकदम धडधाकट लेकरानं वापरल्यासारखी.

१३ मार्च, संध्याकाळी ७
सकाळी साडेनऊला मामांचा फोन. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

मुलगी! मी गल्लीत धावत सुटलो. सहादेवला पण सांगितलं. त्यानं दार अर्धं उघडून ऐकलं आणि बरं झालं म्हणाला.

पारनेरला दवाखान्यात पोचलो तर दुपार. दारात वॉचमन. म्हणाला, भेटायची वेळ चारची, तोवर बाहेर. मी बाप आहे म्हणालो. तो म्हणाला, सगळेच बाप असतात. दीड तास बाकावर बसलो. हात मांडीखाली. पिशवीत झबली. आतून बाळ रडल्याचा आवाज आला, तो माझ्याच मुलीचा असणार असं वाटलं, आणि उठलो. त्यानं दंडाला धरलं.

मी खांदा दिला. फक्त खांदा. पण वॉचमन काचेच्या दारातून पलीकडे गेला. दार भुगा. त्याच्या मानेला, हाताला काचा. फरशीवर रक्त, बायका किंचाळल्या, वॉर्डातली सगळी बाळं एकदम रडायला लागली. मी काचांमध्ये उभा, आणि समोर वॉर्डाच्या दारात सृष्टी. भिंतीला धरून. छातीशी पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी. तोंड दिसलं नाही, तिनं आत वळवून घेतलं.

मी दोन्ही हात वर करून दाखवले, बघ, हे वापरले नाहीत. मग पोलीस आले.

पाचला सोडलं. मामांनी सही केली, भरपाई पण त्यांनीच कबूल केली. वॉचमनला नऊ टाके. बाहेर आल्यावर मी मामांना खांद्याचा मुद्दा समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, बारशाला या, पावनं. शांततेत या.

झबली पोलिस चौकीत राहिली.

२४ मार्च, बारसं
पक्का निर्धार. कोणाशी बोलायचंच नाही. इथल्या स्टँडवर कंडक्टरनं सुट्ट्यावरून वाद घातला, मी फक्त गाडीच्या पत्र्याला बूट मारला, पण त्यानं मला उतरवलं आणि पुढची गाडी दीड तासानं. गावात पोचलो तर दोन वाजलेले. नाव ठेवून झालं होतं. बायका पंगतीला, पोरं अंगणात घुगऱ्या खात.

सासूबाईंनी पाणी दिलं. मामा म्हणाले, आत जावा.

आतल्या खोलीत सृष्टी बाजेवर, मांडीवर ती. पहिल्यांदा तोंड बघितलं. एवढंसं. नाक माझं आहे. मी दारातूनच, काय गं, कशी आहेस, एवढंच म्हणालो. आवाज जरा मोठा निघाला असेल, माझा आवाजच तसा. सृष्टीनं पटकन दोन्ही तळहात पोरीच्या कानांवर ठेवले.

मी म्हणालो, अगं, मी काही केलं नाही. हात उचलला नाही. दोन महिन्यांत एकदा पण नाही, कोणालाही विचार.

ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात बोलली.

"मला ठावंय. पण हे बघा, माझे हात. मी ठेवले न्हाईत, तुमचा आवाज ऐकला आन् आपले आपण गेले. तिकडं आले तर मी जन्मभर हिचे कान झाकून बसंन."

मला लाथेचं, खांद्याचं, कोपराचं सगळं सांगायचं होतं. तोंड उघडलं. तिचे हात अजून तिथंच होते. मी तोंड मिटलं.

लाज वाटली. खूप लाज वाटली. पोरीनं जांभई दिली, ती बघितली आणि बाहेर आलो. मामांनी घुगऱ्या बांधून दिल्या. थांबा म्हणालं नाही कोणी.

परतीच्या गाडीत शेजारी एक म्हातारा. हातातल्या घुगऱ्या बघून म्हणाला, बारसं व्हय? लेक का ल्योक? लेक म्हणालो. त्याला चार दाणे दिले. त्यानं कपाळाला लावून तोंडात टाकले आणि विचारलं, नाव काय ठिवलं?

ते विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.